माझ्या वर्गाचा गूळ

मला माझ्या नवऱ्याचा हेवा वाटतो. हे सांगितलं की लोक हसतात, म्हणून आधीच सांगते, ही चेष्टा नाही. शेजारणीच्या फ्लॅटचा किंवा जावेच्या पाटल्यांचा हेवा चार दिवसांत ओसरतो. पण ज्याचा डबा आपण भरतो, ज्याच्या शुगरच्या गोळ्या आपण आठवणीनं हातावर ठेवतो, त्याचाच हेवा वाटायला लागला की तो रोज सकाळी चहाला समोर येऊन बसतो. वर विचारतोही, बरं नाही का वाटत म्हणून.

आम्ही दोघं एकाच शाळेत शिक्षक. नगरहून केडगाव मागे टाकून पुणे रस्त्यानं थोडं गेलं की आत एक फाटा फुटतो. त्याच्या शेवटी वस्ती आणि वस्तीच्या टोकाला आमची जिल्हा परिषदेची शाळा. चार वर्ग, दोन खोल्या, दोन शिक्षक. बदल्या करताना नवरा-बायकोला जवळजवळच्या शाळा देतात. आम्हाला देणाऱ्यानं इतक्या जवळ दिल्या की मध्ये फक्त एक भिंत राहिली. तिसरी-चौथी आणि मुख्याध्यापकाचा कारभार यांच्याकडे, पहिली-दुसरी माझ्याकडे. नगरमधल्या सावेडीहून एका स्कूटरवर निघायचं, शाळेच्या फाटकात शिरलं की हे 'सर' आणि मी 'बाई', आणि परत सावेडीत भाजी घ्यायला थांबलो की 'अहो' आणि 'अगं'.

भिंतीच्या पलीकडचं मी कधी मागितलं नाही. भागाकार यांचे, इतिहास यांचा, शिष्यवृत्तीची परीक्षाही यांचीच. पहिली मात्र माझी. अक्षर आणि मुंगी यांतला फरक न कळणारं पोर माझ्या पुढ्यात येतं आणि माझ्याच पुढ्यात एके दिवशी वाचायला लागतं. तो दिवस मी कुणाबरोबर वाटून घेतलेला नाही.

त्या दिवसाची आमच्याकडे रीत आहे. पोरं लबाड असतात. पुस्तकातला धडा पाठ करतात, बोट ओळीवरून फिरवतात आणि वाचल्याचं सोंग आणतात. म्हणून मी त्यांना कोरं वाक्य देते. कोरं म्हणजे पुस्तकात नसलेलं, कुणी कधी न लिहिलेलं, त्या पोराच्या घरातलं. तुझ्या मावशीने लाल साडी आणली. बाबाचा बैल आज रुसला. पोर अक्षर अक्षर जोडत जातं, आणि मध्येच त्याला कळतं की हे आपल्याच घरातलं आहे. त्या क्षणी त्याचा चेहरा कसा होतो ते ज्यानं पाहिलं नाही त्याला मी समजावून सांगू शकत नाही. मग दुसऱ्या दिवशी त्या घरातून वर्गासाठी गूळ येतो. पहिला खडा बाईंच्या तोंडात, तोही त्या पोरानं स्वतःच्या हातानं घालायचा. हात कधी शेंबडाचे असतात, कधी शेणाचे. मी डोळे मिटून खाते आणि मनापासून खाते.

मग तो रोग आला आणि शाळेला कुलूप लागलं.

सावेडीत आमच्या खालच्या मजल्यावर एक नर्सबाई राहतात. त्या ड्यूटीवरून आल्या की सगळी बिल्डिंग गॅलरीत उभी राहून टाळ्या वाजवायची. एकदा त्यांना शालही दिली, वरून झेंडूच्या पाकळ्या टाकल्या. पाकळ्या टाकणाऱ्यांत मीही होते. त्यांचं काम मोठं होतं, त्यात वादच नाही. पण तेच हात खाली आल्यावर समोरच्या गॅलरीतले गृहस्थ माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमची मजा आहे बुवा मॅडम. शाळा बंद, पगार चालू!" हे गृहस्थ स्वतः हाफ पँटवर घरून ऑफिस करत होते. पण त्यांच्या पुढ्यात लॅपटॉप होता, त्यामुळे ते काम ठरायचं. दूधवाला तेच म्हणाला, माझा सख्खा भाऊ फोनवर तेच म्हणाला. शिक्षक म्हटलं की लोकांना त्या वर्षी आमच्या पगाराशिवाय दुसरं काही आठवतच नव्हतं.

मग आदेश आला. शिक्षकांनी आशाताईंबरोबर घरोघर फिरून ताप आणि ऑक्सिजन तपासायचा. ज्यांना शुगर आहे त्यांना सूट. म्हणजे हे सुटले आणि मी सापडले. तापाचं पिस्तूल आणि बोटाला लावायचं ते यंत्र माझ्या गळ्यात आलं. त्यातच आमची शाळा पुण्या-मुंबईहून परतलेल्यांना वेगळं ठेवण्यासाठी ताब्यात घेतली. माझ्या पहिलीच्या वर्गात, जिथे भिंतीवर फळांची चित्रं आहेत, तिथे लोक सतरंज्या टाकून चौदा दिवस मोजत पडायचे. आणि कुणाला तिथे न्यायचं हे माझ्या पिस्तुलावर ठरतं, अशी वस्तीची समजूत झाली.

मी गल्लीत शिरले की दारं लागायची. "ताप न्हाई आमच्यात कुनाला, जा पुढं!" आतून आवाज यायचा. ज्या बायकांनी लेकरांची नावं घालताना माझ्या हाताला धरून चहा पाजला होता, त्याच दाराच्या फटीतून बोट बाहेर काढायच्या, यंत्र लावून घ्यायच्या आणि बोट आत ओढून घ्यायच्या. एकीनं तर लेकराला माझ्यादेखत दम दिला, "गप ऱ्हा, न्हाईतर बाई गाडीत घालून नेतील." ते पोर माझ्या दुसरीतलं. मागच्याच वर्षी त्यानं माझ्या तोंडात गूळ घातला होता. ते कणगीमागे लपलं आणि मी पुढच्या दाराला गेले.

आणि हे? हे घरात बसून कंटाळले. पोरांना मोबाईलवर शिकवून पाहिलं, पण वस्तीत बहुतेक घरांत एकच मोबाईल आणि तो सकाळीच बापाबरोबर रानात जायचा. मग यांनी एक पांढरा फळा स्कूटरला बांधला आणि माझ्याबरोबर यायला लागले. मी यांना मारुतीच्या पारावर सोडायची आणि पुढे दारं वाजवायला जायची. पारावर दहा-बारा पोरं लांब लांब बसवून हे शिकवायचे. दिवाळीनंतर कांदा विकला गेला आणि एका शेतकऱ्याची कांद्याची चाळ मोकळी झाली. कांदा सडू नये म्हणून चाळीला चारही बाजूंनी फटी ठेवलेल्या असतात, आरपार वारं वाहतं. हे म्हणाले, या रोगात याच्यापेक्षा चांगली शाळा बांधूनही मिळायची नाही. तेव्हापासून कांद्याच्या चाळीत शाळा भरू लागली आणि हे घरी आले की शर्टाला कांद्याचा वास यायचा.

गाव यांच्यावर खूष झालं. नुसतं खूष नाही, वेडं झालं. "सर म्हंजी देवमानूस हाय. बाकीचे मास्तर घरात लोळत्यात आन् हे बगा." हे वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकलं, एका दारात उभी राहून, हातात तापाचं पिस्तूल धरून. बाकीच्या मास्तरांत मी येत होते का, हे मी विचारलं नाही. कुणी मेथीची जुडी द्यायचं, कुणी गवार, कुणी ताक. ते सगळं स्कूटरच्या हुकाला लटकवून मीच घरी आणायची. एका पत्रकारानं यांचा फोटो छापला. फोटोच्या कोपऱ्यात चाळीबाहेर उभी केलेली आमची स्कूटर आली आहे, मी नाही.

मेथी-गवारीचं मला काही वाटलं नव्हतं. पण त्या वर्षी पहिलीत नाव घातलेली पोरंही चाळीत बसत होती. नावं माझ्या हजेरीत आणि पोरं यांच्या पुढ्यात. मी त्यांना एकदाही शिकवलं नव्हतं, फक्त त्यांचा ताप घेतला होता. संध्याकाळी घरी आलो की हे पाय धुता धुता सहज विचारायचे, "अगं, त्या वरच्या आळीत, कोपऱ्यावरच्या घरी काय चाललंय?" मी भाजी चिरता चिरता सांगायची. त्यांच्या म्हशीला रेडकू झालं. त्यांच्या काकानं जीप घेतली. दारोदार फिरल्यानं वस्तीतल्या प्रत्येक चुलीवर काय शिजतंय ते मला ठाऊक असायचं. नवरा बायकोच्या कामात रस घेतोय म्हणून मला बरंही वाटायचं. मग एके दिवशी हे डब्यातून गूळ घेऊन आले.

"आज एकानं कोरं वाक्य वाचलं," हे म्हणाले. डोळे भरून आले होते यांचे. "म्हशीला काळं रेडकू झालं. सगळं वाचलं बघ, न अडखळता."

माझं वाक्य. माझ्या रीतीचं, माझ्या पायपिटीतून आलेलं, माझ्या हजेरीतल्या पोराचं. आणि गूळ यांचा. तोही यांना चालत नाही! "तू घे," म्हणाले, "मला कुठं चालतोय."

माझा अगदी तिळपापड झाला. "वाक्यं माझी, पोरं माझी आणि कौतुक तुमचं?" मी म्हणाले. हे शांतपणे म्हणाले, "मग तू घे ना वर्ग. मी जातो घरोघर." आणि खरंच गेले असते, शुगर असताना गेले असते. हे इतके चांगले आहेत की यांच्याशी धड भांडताही येत नाही. दुसऱ्या दिवशी चाळीवरून जाताना मी मान वळवून पाहिलं नाही.

त्यानंतर गूळ येतच राहिला. कधी कागदात, कधी केळीच्या पानात. हा रोग नसता तर तो माझ्या तोंडात गेला असता, पोरांच्या बोटांसकट. आता तो बरणीत साठत होता. टाकून द्यावा तर जीव होईना, खावा तर घशाखाली उतरेना. शेवटी मी तो चहात घालायला सुरुवात केली. माझ्या वर्गातल्या पोरांनी यांना दिलेला गूळ मी चहात घालून प्यायले आणि हे समोर बसून बिनसाखरेचा प्यायले. संध्याकाळी चौकशी झाली की मी घराघरांतल्या बातम्या मात्र सांगत राहिले. न सांगून करते काय? पोरं वाचत होती.

होळीच्या सुमारास वस्तीत एक साखरपुडा झाला. मोठा मांडव, तीन तालुक्यांचे पाहुणे, तोंडाला मास्क फक्त फोटोग्राफरच्या. त्यानंतर आठवडाभरात घरोघर ताप निघाला आणि यांनाही आला. दोन दिवसांत यांचा ऑक्सिजन उतरला. जे यंत्र मी सबंध वस्तीच्या बोटांना लावलं ते यांच्या बोटाला तीन-तीनदा लावून पाहिलं. नगरच्या दवाखान्यात कसाबसा एक पलंग मिळाला.

पालकांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे. त्याच ग्रुपवर यांना देवमाणूस म्हणत होते. आता तिथे आलं, सरांनी गावात आजार आणला. मग दुसऱ्यानं लिहिलं, नगरहून रोज यायची काय गरज होती. तिसऱ्यानं लिहिलं, पगार तर चालूच होता, घरी बसायला काय झालं होतं? वर्षभर आम्ही घरी बसतो म्हणून शिव्या खाल्ल्या आणि आता घरी बसलो नाही म्हणून. साखरपुड्याबद्दल एक अक्षर नाही. मांडव घालणाऱ्यानंच सगळ्यांत लांब मजकूर लिहिला होता. चाळीच्या मालकानं फळा बाहेर काढून ठेवला. मला संताप आला, इतका की दवाखान्याच्या जिन्यात बसून मी उत्तर लिहिलं आणि पुसलं. आणि तेव्हाही, हे आत धाप टाकत असतानाही, मनात आलं की गाव चिडलंय तेसुद्धा यांच्यावर. माझ्यावर चिडावं इतकंही त्यांनी मला मोजलेलं नाही.

पोरांना मात्र ग्रुपवरच्या राजकारणाशी देणंघेणं नव्हतं. त्यांनी बापाच्या मोबाईलवरून यांना आवाज पाठवायला सुरुवात केली. "सर, मी तिसरा धडा वाचतोय, ऐका." मागे शेळ्या ओरडायच्या, कुकरची शिट्टी व्हायची आणि माझी पहिलीची पोरं खाडखाड वाचायची. अंगभर किट चढवून मी मोबाईल यांच्या कानाशी धरायची. नाकाला नळी लावलेली, बोलायची बंदी, हे डोळे मिटून ऐकायचे आणि बोटानं खूण करायचे, पुढचं लाव. मीही ऐकत होते. एकाही पोरानं बाई कशा आहेत म्हणून विचारलं नाही.

हे घरी आले तेव्हा चार पावलांवर दम लागत होता. पहिल्या दिवशी गादीवर टेकले आणि म्हणाले, "सगळी वाचायला लागली गं. ती एक राहिली."

ती म्हणजे आजीजवळ राहणारी पोर. आईबाप साखर कारखान्यावर, तेही कोरोनात तिकडेच अडकलेले. सगळ्या कविता तोंडपाठ, चालीसकट. त्यामुळे वाचता येत नाही हे कुणाच्या लवकर लक्षातच येत नव्हतं. अक्षरं ओळखायची, पण त्यांचा शब्द व्हायचा नाही. एवढी एकच राहिली होती. मला वाटलं, ही माझी. सबंध वर्षातून मला एवढी एक हवी होती, आणि हे अंथरुणावर असतानाच हवी होती, कारण उठले की पुन्हा यांच्याकडेच जाणार.

रोग जरा उतरल्यावर मी तिच्या घरी गेले. आजीनं आधी वाटच अडवली. "सरानला झाल्तं ना? मंग तुमी कशाला आलाव?" मी म्हटलं, मला झालेलं नाही, पाहिजे तर यंत्र लावून दाखवते. तिनं मला शेळीच्या खुंट्यापाशी बसवलं, लांब, उन्हात. पोर उंबऱ्यावर बसली. मी पाटी मध्ये सरकवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. तिसऱ्या दिवशी आजीनं सावलीत पोतं टाकलं. गल्लीतले लोक जाता-येता बघायचे आणि म्हणायचे, आता हिलापन फुकटचा पगार खायची लाज वाटाया लागली वाटतं. मी ऐकलं आणि सोडून दिलं.

त्या पोरीची खोड माझ्या लक्षात आली. ती शब्दाचं शेपूट बघून अंदाज बांधायची आणि मनातलं काहीतरी ठोकून द्यायची. मग मी शब्द लिहून त्यावर तळहात ठेवू लागले. एक अक्षर उघडं, बाकीचं माझ्या हाताखाली. ते म्हणालीस की हात एवढासा सरकणार. तिला राग यायचा. "हात काढा की!" मी काढत नव्हते. पावसाळा लागेपर्यंत आमचं हेच चाललं होतं.

एके सकाळी गेले तर आजी धापा टाकत ओढ्याकडून येत होती. आदल्या दिवशी लस द्यायची जीप वस्तीत आली, तिच्या भोंग्याला घाबरून शेळीनं दावं तोडलं होतं. मी पाटी पुसली आणि लिहिलं, काळी शेळी काल पळाली. वर हात ठेवला. का, ळी. हात सरकला. शे, ळी. काल. प, ळा, ली. ती थांबली. पाटीकडे पाहिलं, मग रिकाम्या खुंट्याकडे पाहिलं. आणि मग सगळं एका दमात म्हणाली, "काळी शेळी काल पळाली! आज्जे, आपल्या शेळीचं लिवलंय हितं!"

आजी आत गेली आणि गूळ घेऊन आली. पोरीच्या हातात खडा दिला. मी इकडे-तिकडे पाहिलं, मास्क हनुवटीखाली ओढला आणि चक्क तोंड उघडलं. वर्षाहून जास्त काळ ज्याच्यासाठी जीव जळला होता तो खडा माझ्यापासून वीतभर लांब होता.

"आदी सरानला फोन लावा," ती म्हणाली. "त्यानला वाचून दावायचंय."

मी फोन लावला. तिनं वाचलं. पलीकडे यांना आधी खोकला आला, मग म्हणाले, "शाब्बास गं बाई माझी! कुणी शिकवलं एवढं छान?"

"तुमीच की."

"आणि बाईंनी?"

"बाई नुसत्या पाटीव हात ठिवून बसत्यात," ती म्हणाली. "म्या म्हनायची काढा, तर काढतच नव्हत्या."

हे हसले नाहीत. काहीतरी सांगायला लागले तिला, माझ्याबद्दलच असणार, पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं. गूळ तिनं स्वतःच्याच तोंडात टाकला होता आणि चिकट हातानं पाटी माझ्याकडे ढकलली होती. "दुसरं लिवा. त्यानला आजून एक दावते."

मी पाटी पुसली आणि लिहिलं. राग आला होता, म्हणून मुद्दाम अवघड लिहिलं, लांबलचक, जोडाक्षरं घालून, आणि हातही ठेवला नाही. तिनं तेही वाचलं, फोनमध्ये तोंड घालून, माझ्याकडे पाठ करून, त्यांनाच.